काचेचा रंगदोष मोजणारा फ्राउनहोफर

जाड भिंगाचा, त्यातही पॉलिकार्बोनेटचा चष्मा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट करून पाहावी. मान न वळवता, फक्त डोळे फिरवून, चष्म्याच्या अगदी कडेतून पेटलेल्या ट्यूबलाइटकडे बघावे. दिव्याच्या एका अंगाला निळसर आणि दुसऱ्या अंगाला पिवळट-तांबूस किनार दिसते. नवा चष्मा आल्यावर पहिले काही दिवस ही किनार खटकते आणि नंबर चुकला असावा, या समजुतीने काही जण दुकानात परत जातात. नंबर बहुधा बरोबरच असतो. भिंग काचेचे असो वा प्लास्टिकचे, ते सगळ्या रंगांना सारखी वागणूक देत नाही. निळ्याला अधिक वळवते, तांबड्याला कमी. शाळेत लोलकातून सात रंग पाडताना ज्याला आपण अपस्करण म्हणतो, तेच इथे नाकावर बसलेले असते.

काचेचा हाच स्वभाव आपल्या घरापर्यंत आलेल्या इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरमध्येही आहे. तिथे तो रंगीत किनार दाखवत नाही, संदेशच विस्कटून टाकतो. ते कसे, हे पुढे पाहू. त्याआधी या दोषाचे पहिले नेमके मोजमाप ज्याने केले, त्याची ओळख करून घ्यायला हवी. तो कोणत्या विद्यापीठात शिकलेला नव्हता आणि त्याला आयुष्य मिळाले अवघे ३९ वर्षांचे.

योझेफ फ्राउनहोफरचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील श्ट्राउबिंग या गावी झाला. वडील काचकाम करणारे; योझेफ त्यांचे अकरावे अपत्य. दहा वर्षांचा असताना आई गेली, पुढच्याच वर्षी वडीलही गेले. सांभाळ करणाऱ्यांनी त्याला आधी लाकूड कातणाऱ्या कारागिराकडे ठेवले, पण अंगात तेवढी ताकद नव्हती. मग म्युनिकमध्ये वाइक्सेलबर्गर नावाच्या आरसे बनवणाऱ्या आणि काच घासणाऱ्या कारागिराकडे त्याची रवानगी झाली. काम शिकण्याबद्दल द्यायला पैसे नव्हते, म्हणून करार असा ठरला की सहा वर्षे बिनपगारी राबायचे. त्या काळी आरसे काचेच्या पाठीला कथील आणि पारा लावून बनत. आज कोणताही डॉक्टर अकरा-बारा वर्षांच्या मुलाला अशा कारखान्याच्या दारात उभे राहू देणार नाही. मालकाला मुलाचे वाचन खपत नसे आणि कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या रविवारच्या शाळेतही तो त्याला जाऊ देत नसे.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. मालकाची बायको त्यात मरण पावली. १४ वर्षांचा योझेफ ढिगाऱ्याखाली अडकला होता. काही तासांनी त्याला जिवंत बाहेर काढले, तेव्हा बव्हेरियाचा राजा मॅक्सिमिलियन योझेफ, जो त्या वेळी अजून इलेक्टर म्हणवत होता, तिथे स्वतः हजर होता. त्याने मुलाला १८ डुकाट म्हणजे सोन्याची १८ नाणी दिली. सोबत योझेफ उट्झश्नायडर हा दरबारातला वजनदार माणूस आणि उद्योजकही होता. त्याने मुलाला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली. मुलाने नाण्यांचे काय केले, यावरून त्याचा स्वभाव कळतो. काच घासण्याचे एक यंत्र घेतले आणि उरलेल्या पैशांतून, पुढे दोनेक वर्षांनी, करारातले शेवटचे महिने विकत घेऊन स्वतःला मोकळे केले. मोकळा झाल्यावर त्याने भेटकार्डे कोरून देण्याचा धंदा करून पाहिला. युद्धाच्या दिवसांत भेटकार्डे कोण छापणार? तो बुडाला.

ते युद्ध नेपोलियनचे होते, आणि त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. सैन्याला नकाशे हवे होते, नकाशांसाठी मोजणीची उपकरणे, आणि उपकरणांसाठी उत्तम भिंगे. चांगली दुर्बिणीची काच तेव्हा मुख्यतः इंग्लंडमधून येई. नेपोलियनने इंग्लिश मालाची नाकेबंदी केली आणि जर्मन कारागिरांवर स्वतःची काच स्वतः ओतण्याची वेळ आली. उट्झश्नायडर, रायखेनबाख आणि लीबहेर या तिघांची म्युनिकमध्ये उपकरणे बनवणारी संस्था होती. १८०६ मध्ये, १९ वर्षांचा असताना, फ्राउनहोफर तिथे लागला. पुढच्याच वर्षी त्याला आल्प्सच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न येथे पाठवण्यात आले. तिथला जुना ख्रिस्ती मठ सरकारने बंद केला होता आणि उट्झश्नायडरने त्या आवारात काचभट्टी घातली होती.

भट्टीवर गिनाँ नावाचा एक साठीला टेकलेला स्विस कारागीर होता. त्याच्याकडे एक युक्ती होती, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात सहज समजेल अशी आहे. दुर्बिणीला लागणाऱ्या फ्लिंट काचेत शिशाचे ऑक्साइड असते. ते जड असल्याने वितळलेल्या काचेत तळाशी जाते, पाकात न ढवळलेली साखर तळाशी बसावी तसे. थंड झालेल्या काचेत मग सरबतात दिसतात तशा रेघा उमटतात आणि त्या काचेचे भिंग निरुपयोगी ठरते. गिनाँ भाजलेल्या मातीच्या दांड्याने वितळलेली काच ढवळत असे. एवढीच युक्ती, पण तिने युरोपभरच्या काचवाल्यांना चकवले होते. फ्राउनहोफर ती शिकला, सुधारली, आणि दोघांचे पटेनासे झाल्यावर १८१४ च्या सुमारास म्हातारा स्वित्झर्लंडला परत गेला. उट्झश्नायडरचा कल तरुणाकडे होता हे स्पष्ट दिसते. गिनाँवर त्यात थोडा अन्याय झाला, असे मला वाटते.

आता मूळ दोषाकडे. भिंगाने गोळा केलेला निळा प्रकाश एका ठिकाणी एकवटतो आणि तांबडा त्याच्या थोडा पुढे. त्यामुळे दुर्बिणीत प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते. न्यूटनने हा दोष जाणार नाही असे ठरवून भिंगाचा नादच सोडला आणि आरशाची दुर्बीण बनवली. पुढे १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने त्यावरच्या एका उपायाचे पेटंट घेतले. साध्या क्राउन काचेचे फुगीर भिंग घ्यायचे आणि त्याला फ्लिंट काचेचे खोलगट भिंग जोडायचे. फ्लिंट रंगांना जवळपास दुपटीने फाकवते, म्हणून सौम्य वक्रतेच्या फ्लिंट भिंगानेही क्राउनने केलेली रंगांची फाकाफाक उलट दिशेने मिटते, आणि प्रकाश एकत्र आणण्याची क्षमता मात्र शिल्लक राहते. दोष काढून टाकलेला नसतो. एका काचेचा दोष दुसऱ्या काचेच्या दोषाने फेडलेला असतो.

फेडायचा तर आधी तो मोजायला हवा, आणि घोडे तिथेच अडले होते. प्रत्येक भट्टीतून निघालेली काच थोडी वेगळी. तिने पिवळ्याला किती वळवले, हिरव्याला किती, हे कोन मोजायचे, पण वर्णपटात पिवळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो? मैलाचे दगड नसलेल्या घाटरस्त्यावर, झाडी दाट होते तिथून पुढे एवढे अंतर, असे सांगण्यासारखे ते होते. दोन माणसे झाडी वेगवेगळ्या ठिकाणी दाट झाली म्हणतील. कारागीर म्हणून मग भिंग घासून पाहत, जमले तर ठीक, नाही तर पुन्हा घासत.

फ्राउनहोफरला अंदाज नको होते. एकेका रंगाचा प्रकाश वेगळा काढण्यासाठी त्याने सहा दिव्यांचा प्रकाश फटींतून एका लोलकावर सोडला आणि दोनशेहून अधिक मीटर अंतरावर, जिथे रंग पुरेसे फाकलेले असतील तिथे, तपासायच्या काचेचा लोलक थिओडोलाइटवर ठेवून कोन मोजले. या खटाटोपात त्याला दिव्याच्या वर्णपटात नारिंगी-पिवळ्या जागी एक चकचकीत रेषा नेहमी त्याच ठिकाणी दिसली. सूर्यप्रकाशातही ती असते का, हे पाहण्यासाठी त्याने अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या बारीक फटीतून ऊन घेतले आणि लोलकातून आलेला वर्णपट दुर्बिणीने न्याहाळला. चकचकीत रेषा नव्हती. तिच्या जागी काळी रेषा होती, आणि वर्णपटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा काळ्या रेषाच रेषा पसरल्या होत्या. त्याने ५७४ रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली.

काही काळ्या रेषा १८०२ मध्ये वॉलस्टन या इंग्रजालाही दिसल्या होत्या. त्याला त्या रंगांमधल्या सीमा वाटल्या आणि त्याने विषय तिथेच सोडला. फ्राउनहोफरला त्या रेषा कशामुळे पडतात हे कळले नाही, पण त्या कशासाठी उपयोगी आहेत हे लगेच कळले. त्याला हवे असलेले मैलाचे दगड हेच होते. कोणतीही काच आणा, तिने डी रेषा किती वळवली, एफ किती, हे कोन सहा-सात अंकांपर्यंत मोजता येऊ लागले. भिंगाची जोडी घासायच्या आधी कागदावर बसू लागली. रेषांचे कारण सापडायला १८५९ साल उजाडले. सूर्याच्या वातावरणातली मूलद्रव्ये आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतात, हे किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवले. डी रेषा सोडियमची. गॅसवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते, तो हाच रंग.

याच मोजणीत त्याने आणखी एक गोष्ट टिपली, जी नेत्रतज्ज्ञांच्या कामाची आहे. दुर्बिणीतल्या बारीक धाग्यावर तांबड्या प्रकाशात नजर नेमकी बसवली, की जांभळ्या प्रकाशात तोच धागा दिसेनासा होई आणि नेत्रभिंग पुन्हा सरकवावे लागे. दुर्बिणीचा दोष वजा केला तरी फरक उरत होता. तो डोळ्याचा होता. म्हणजे आपल्या डोळ्याचे भिंगही रंगदोषापासून मुक्त नाही. मेंदू तिकडे लक्ष देत नाही, म्हणून आपला निभाव लागतो. वर्णपटातला कोणता रंग डोळ्याला सर्वांत उजळ वाटतो, हेही त्याने मोजले. तो पिवळ्याच्या आसपास निघाला. आणि चष्म्याच्या भिंगाचा रंगदोष ज्या आकड्याने सांगतात, तो अॅबे अंक आजही फ्राउनहोफरच्याच निळ्या एफ आणि तांबड्या सी या रेषांमधल्या फरकावरून काढला जातो. साध्या क्राउन काचेचा तो ६० च्या जवळ असतो, पॉलिकार्बोनेटचा ३० च्या. अंक जितका लहान, तितकी ट्यूबलाइटची किनार रुंद. चष्मा घेताना दुकानदाराला हा अंक विचारायला हरकत नाही.

आता फायबरकडे वळू. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूत मधला गाभा आणि त्याभोवतीचे आवरण, दोन्ही काचेचेच असतात. गाभ्याची काच प्रकाशाला किंचित अधिक वळवणारी असते, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेवर तिरका आदळून पुन्हा आतच परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो, पण प्रत्येक रंगाचा वेग थोडा वेगळा. फायबरमध्ये लेझरचा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, अवरक्त असतो. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा असे आपण म्हणत असलो, तरी उघडझाप करून त्यावर माहिती चढवली की तो जवळजवळच्या अनेक रंगछटांचा पट्टा बनतो. हे सगळे रंग एकत्र निघतात आणि शर्यतीतल्या धावपटूंसारखे मागे-पुढे होत पोचतात. निघताना टोकदार असलेला प्रकाशाचा ठोका पोचताना पसरट झालेला असतो.

आकड्यांत सांगायचे तर १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला नेहमीच्या फायबरमध्ये, रंगपट्टा एक नॅनोमीटर रुंद असेल तर, ठोका दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद पसरतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. सेकंदाला दहा अब्ज ठोके पाठवले तर एका ठोक्याच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात आणि रंगपट्टा साधारण ०.१ नॅनोमीटरचा होतो. अशा प्रकाशाला १०० किलोमीटर धावू द्या, पसरट १७० पिकोसेकंदांवर जाते. शेजारच्या दोन ठोक्यांची सरमिसळ झाली आणि शून्य कोणते, एक कोणता, हे पलीकडच्या यंत्राला कळेनासे झाले. १,३१० नॅनोमीटरच्या आसपास हा पसरटपणा जवळजवळ शून्य होतो, पण तिथे काच प्रकाश जास्त खाते. सर्वांत कमी नुकसान १,५५० ला, म्हणून लांब पल्ल्याच्या आणि समुद्राखालच्या केबल तिथेच चालवाव्या लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या केबलही त्याला अपवाद नाहीत.

उपाय? डॉलंड आणि फ्राउनहोफर यांचाच. ज्या तंतूत रंगांची शर्यत उलटी धावते, मागे पडणारा रंग पुढे जातो, असा वेगळ्या घडणीचा तंतू बनवायचा. त्याचा पसरटपणा किलोमीटरला उणे १०० च्या आसपास ठेवता येतो. मग १०० किलोमीटरच्या केबलला अशा तंतूचा १७ किलोमीटरचा तुकडा पुरतो. तो रिळावर गुंडाळून पेटीत ठेवतात. दोषच नसलेला तंतू का वापरू नये, असे कुणालाही वाटेल. १,५५० लाच पसरटपणा शून्य असलेला तंतू बनलाही होता. पण एकाच तंतूतून अनेक रंगांचे संदेश एकदम पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा सगळे रंग बरोबरीने धावत असल्याने एकमेकांत मिसळून नको ते नवे रंग तयार करू लागले. थोडा दोष हवाच होता. तेव्हापासून अभियंते तो वाटेत जमा होऊ देतात आणि मग फेडतात. आताशा बरीच फेड पलीकडच्या टोकाच्या संगणकी चिपमधल्या गणिताने होते.

एकाच तंतूतले रंग पुन्हा वेगळे काढायला जी बारीक रेघांची जाळी वापरतात, तिच्यापाशीही फ्राउनहोफर भेटतो. १८२१ मध्ये त्याने बारीक तारा शेजारी शेजारी ताणून, अशा २६० तारांची जाळी केली आणि तिच्यातून प्रकाश पाठवून वर्णपट मिळवला. नंतर काचेवर हिऱ्याने रेघा ओढल्या. काचेच्या जातीवर अवलंबून नसलेला वर्णपट त्यातून हाती आला आणि त्याला डी रेषेची तरंगलांबी मोजता आली. ती आजच्या ५८९ नॅनोमीटरच्या अगदी जवळ होती.

या सगळ्याचा मान त्याला मिळाला, पण सहजासहजी नाही. म्युनिकच्या विज्ञान अकादमीत त्याला बढती देण्याचा विषय निघाला, तेव्हा काही सभासदांनी हरकत घेतली. विद्यापीठाचे शिक्षण नाही, हा तर कारागीर, असा आक्षेप होता. दुसरा आक्षेप मात्र अगदीच खोटा नव्हता. त्याने मोजमापे आणि रेषा छापून जगाला दिल्या, काच ओतण्याची कृती मात्र कारखान्याचे गुपित म्हणून दडवून ठेवली. लंडनच्या रॉयल सोसायटीने चांगली काच बनवण्यासाठी समिती नेमली, मायकेल फॅरेडेसारखा माणूस १८२५ पासून काही वर्षे त्यात खपला, तरी बव्हेरियाची बरोबरी झाली नाही. कारखाना उट्झश्नायडरचा होता आणि गुपित हेच त्याचे भांडवल होते, हे खरे. पण त्यामुळे दुसऱ्या देशांची कितीएक वर्षे गेली. १८२२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि १८२४ मध्ये राजाने सरदारकी.

१८२४ मध्येच त्याची सर्वांत मोठी दुर्बीण आजच्या एस्टोनियातील दोरपात म्हणजे तार्तू येथे पोचली. २४ सेंटिमीटर व्यासाचे रंगदोषमुक्त भिंग, चार मीटरहून लांब नळी, आणि ताऱ्याबरोबर आपोआप फिरवणारे घड्याळी यंत्र. तिच्यातून श्ट्रूव या खगोलज्ञाने आकाश विंचरून काढले आणि ३,११२ जोडताऱ्यांची यादी केली.

तोवर फ्राउनहोफरची तब्येत ढासळली होती. त्याची छाती लहानपणापासून नाजूक. त्यात वर्षानुवर्षे भट्टीची धग आणि शिशाच्या वाफा. त्या वाफांनी त्याला खंगवले, असे म्हटले जाते. ७ जून १८२६ रोजी म्युनिकमध्ये तो क्षयाने गेला. क्षय जंतूंमुळे होतो हे रॉबर्ट कॉखने दाखवायला आणखी ५६ वर्षे होती. सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात साचली की क्षय जडण्याचा धोका वाढतो, हे तर फार नंतर कळले; दगड फोडणाऱ्या आणि काच-वाळूत काम करणाऱ्यांना खोकला लांबला की क्षयाची तपासणी करायला सांगतात, ते यासाठीच. फ्राउनहोफरने लग्न केले नव्हते. त्याचा भागीदार रायखेनबाख १७ दिवस आधी वारला होता. त्याच्याच शेजारी त्याला पुरले.

कारखाना त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी चालवला. त्यांनी बनवलेल्या बर्लिनच्या दुर्बिणीतून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेसाठी फ्राउनहोफरने आखलेले एक उपकरण अर्धवट राहिले होते. ताऱ्यांमधले सूक्ष्म कोन मोजण्यासाठी त्यात भिंग मधोमध कापून दोन अर्धे सरकते ठेवायचे होते. ते त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी पुरे झाले. १८३८ मध्ये बेसेलने त्यातून हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर काढले; ताऱ्याचे असे विश्वासार्ह अंतर पहिल्यांदाच जाहीर झाले होते. फ्राउनहोफर असता, तर तेव्हा ५१ वर्षांचा असता.